पाइनच्या फळीला कीड लागली की नेमकं काय जातं?

नागपूरच्या लाकूडबाजारात, लकडगंजात, पाइनच्या फळ्या निवडताना एक गोष्ट हमखास बघायला मिळते. फळीवर निळसर-राखाडी पट्टे दिसले की गिऱ्हाईक ती बाजूला सारतं. किडकी आहे, दुसरी दाखवा. मग शेजारची, एका टोकाला जराशी तपकिरी झालेली पण सपाट आणि बिनभोकाची फळी पसंत पडते आणि टेम्पोत चढते. यातली निळी फळी कपाटाला, पार्टिशनला बहुतेक वेळा चालून गेली असती. तपकिरी टोकाची मात्र वजनाखाली कधी दगा देईल याचा भरवसा नाही.

हे समजून घ्यायला हवं, कारण पाइन आता नागपुरात घरोघरी पोचलं आहे आणि आपली लाकडाची पारख घडली ती सागवानावर. आलापल्लीचा साग बघत मोठ्या झालेल्या माणसाचा हिशोब साधा असतो: कडेचा पांढरा भाग किड्यांचा, आतला तपकिरी गाभा आपला. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं असतात, त्यामुळे उधई (वाळवी) त्याच्या वाटेला सहसा जात नाही. पाइनला हा हिशोब लावला की फसगत होते. बाजारात येणाऱ्या पाइनमध्ये न्यूझीलंडचं, रेडिएटा जातीचं लाकूड असतं. कांडला बंदरावर ओंडके उतरतात, गांधीधामच्या आरागिरण्यांत चिरले जातात आणि तिथून ट्रकने देशभर जातात. न्यूझीलंडमध्ये ही झाडं साधारण 25 ते 30 वर्षांची झाली की तोडतात. एवढ्या वयात खोडाचा मोठा भाग अजून कच्चाच असतो, गाभा थोडा. म्हणजे सागाच्या भाषेत बोलायचं तर फळीच्या फळी 'पांढऱ्या' भागातली. हिमालयातला चीड हाही पाइनच, जास्त राळेचा आणि जास्त जड, पण उधईपुढे त्याचाही निभाव लागत नाही. शिवाय बुटीबोरी आणि हिंगणा एमआयडीसीत मशिनी ज्या खोक्यांत येतात ती खोकी, पॅलेटं मोडून निघालेलं पाइन वेगळंच. त्याचा आधीचा इतिहास कोणालाच माहीत नसतो.

ताकद एकच नसते

पाइनच्या लाकडात 90 टक्क्यांहून जास्त भाग एकाच प्रकारच्या पेशींचा असतो. या पेशी लांबट, पोकळ, दोन्ही टोकांना निमुळत्या. लांबी जेमतेम 3 ते 4 मिलिमीटर, जाडी त्याच्या शंभराव्या हिश्शाइतकी. झाड उभं असताना याच नळ्यांतून पाणी वर चढतं आणि याच नळ्या झाडाला उभं ठेवतात. कडब्याची घट्ट आवळलेली पेंढी डोळ्यांपुढे आणा. एक ताट सहज मोडतं, अख्खी पेंढी मोडत नाही, आणि ताटांच्या मधून ती फाकवणं मात्र सोपं असतं. लाकूडही रेषेच्या दिशेने दणकट आणि आडव्या दिशेने कमजोर असतं ते याच कारणाने.

फरक एवढाच की लाकडाच्या पेंढीतली बांधणी पेशीच्या भिंतीच्या आतही असते. भिंतीत सेल्युलोजचे धागे असतात, साधारण 40 ते 45 टक्के. ग्लुकोजचे हजारो कण एकाला एक जोडून झालेल्या या लांब साखळ्या, ताण सोसतात त्या याच. दाब सोसणारं, कडक राहणारं लिग्निन पाव हिश्शाहून थोडं जास्त. आणि या दोघांना जोडून धरणारं हेमिसेल्युलोज. या तिसऱ्याचं नाव क्वचितच कोणी घेतं, पण कूज लागली की सगळ्यात आधी तेच जातं.

आता ताकदीकडे वळू. 'लाकूड मजबूत आहे' असं आपण म्हणतो तेव्हा चार-पाच वेगळ्या गोष्टी एका शब्दात कोंबत असतो. वजन ठेवल्यावर फळी किती वाकते हा तिचा ताठपणा. किती वजनाला मोडते ही वाकण्यातली ताकद. रेषेच्या दिशेने दाबल्यावर किती सोसते ही दाबातली ताकद, खांबाला लागते ती. पृष्ठभागावर खिळा किंवा नख किती रुततं हा कठीणपणा. आणि अचानक धक्का बसला तर तो किती पचवते हा चिवटपणा. ही शेवटची गोष्ट सगळ्यात कमी मोजली जाते. माझ्या मते पाइनच्या बाबतीत तीच सगळ्यात आधी विचारायला हवी, कारण कीड आणि बुरशी पहिला घास तिचाच घेतात.

या सगळ्या गोष्टी मोजायची भारतीय मानकात ठरलेली रीत आहे, आयएस 1708. वाकण्याच्या चाचणीला गाठी नसलेल्या सरळ रेषेच्या लाकडाचा 50 मिलिमीटर जाड, 50 मिलिमीटर रुंद आणि 750 मिलिमीटर लांब तुकडा घेतात. तो 700 मिलिमीटर अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवायचा आणि बरोबर मधोमध वरून हळूहळू भार वाढवत न्यायचा. चांगलं पाइन या यंत्रात मोडताना बघण्यासारखं असतं. आधी ते वाकतं. मग वरच्या बाजूला, जिथे दाब असतो तिथे, आडवी बारीक सुरकुती उमटते. करकर आवाज यायला लागतो. खालच्या बाजूचे धागे एकेक करून तुटतात आणि शेवटी लांबलचक ढलप्या उचकटत तुकडा मोडतो. मोडलेल्या जागेवर हात फिरवला तर बोटात कुसळं घुसतात. बुरशीने पोखरलेला तुकडा असा मोडत नाही. तो फारसा वाकत नाही, आवाजाची आगाऊ सूचना देत नाही, एकदम तुटतो. तुटलेली जागा आखूड, जवळजवळ सपाट, करवतीने कापल्यागत. दोन्ही तुकडे शेजारी ठेवले की कुठलाही आकडा न बघता कळतं की एकात धागे शाबूत होते आणि दुसऱ्यात ते तुकडे तुकडे झालेले होते.

निळा रंग: दिसायला वाईट, वागायला बरा

पाइनच्या जिवंत झाडाला सालीखाली राहणारे भुंगेरे लागतात. हे भुंगेरे भाताच्या दाण्याएवढे, पण एकटे येत नाहीत. अंगावरच्या बारीक खाचांमधून बुरशीची बीजं घेऊन येतात. भुंगेरा साल आणि लाकूड यांच्या मधल्या थरात बोगदे पाडतो, अंडी घालतो आणि बुरशी कच्च्या लाकडात पसरून झाडाचं पाणी वर चढणं बंद करते. झाड राळ ओतून भुंगेऱ्याला बाहेर ढकलू बघतं. दुष्काळात किंवा वणव्यात होरपळलेल्या झाडाकडे तेवढी राळ नसते. चिडाच्या जंगलात वणव्यानंतर भुंगेरे वाढतात ते याचमुळे.

ही बुरशी लाकडाला निळसर-राखाडी रंग देते. रंग घाबरवणारा असला तरी तिचं खाणं मर्यादित आहे. पेशींमध्ये साठलेली साखर, स्टार्च, थोडा स्निग्धांश एवढंच ती खाते. भिंतीतलं सेल्युलोज आणि लिग्निन पचवायची तिची ताकद जवळजवळ नसते. त्यामुळे जोरदार निळ्या पडलेल्या लाकडातही वाकण्यातली आणि दाबातली ताकद 1 ते 5 टक्केच घटते, घनता 1 ते 2 टक्के, पृष्ठभागाचा कठीणपणा 2 ते 10 टक्के. चिवटपणा मात्र 15 ते 30 टक्क्यांनी उतरू शकतो. कपाटाच्या पाठीला, पार्टिशनला, भिंतीवरच्या पॅनेलला यातलं काहीच जाणवणार नाही. शिडीच्या पायरीला, हातोड्याच्या दांड्याला, परांचीच्या फळीला मी ती वापरू देणार नाही. पलंगाच्या पट्ट्यांचं मध्येच आहे. भार हळू टाकण्याऐवजी एकदम टाकला, उंचीवरून न टाकताही, तरी लाकडावरचा ताण दुप्पट होतो. मुलं पलंगावर उड्या मारतात तेव्हा तो दुपटीच्याही पुढे जातो. म्हणून तिथे निळी पट्टी वापरायचीच असेल तर जाडी वाढवा आणि मधे आणखी एक आधार द्या.

निळ्या लाकडाचं सगळ्यात मोठं उदाहरण कॅनडातलं. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 1990 च्या दशकात डोंगरी पाइनच्या भुंगेऱ्याची साथ सुरू झाली आणि पुढच्या वर्षांत 1 कोटी 80 लाख हेक्टरच्या आसपास जंगलात पसरली. पूर्वी कडाक्याच्या थंडीत भुंगेऱ्याच्या अळ्या मोठ्या संख्येने मरायच्या. हिवाळे सौम्य होत गेले आणि तो आळा सुटला. मेलेल्या झाडांचं करायचं काय हा प्रश्न होता. व्हँकूवरच्या 2010 च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी रिचमंडला स्पीड स्केटिंगचं जे स्टेडियम बांधलं, त्याच्या छताच्या लाकडी पॅनेलांत याच भुंगेऱ्याने मारलेल्या पाइनचं लाकूड वापरलं आहे. एवढ्या मोठ्या छतात निळं लाकूड बसवताना तिथल्या अभियंत्यांनी ते आधी नीट तपासून, प्रतवारी करूनच घेतलं असणार, आणि कळीचा मुद्दा हाच आहे. रंग बघून नाकारायचं नाही, तपासून घ्यायचं.

या लाकडाची खरी अडचण वेगळी निघाली. मेलेलं झाड उभ्या उभ्या वाळतं, आणि वाळताना त्याला बाहेरून गाभ्याकडे जाणाऱ्या लांब भेगा पडतात. झाड जितकी जास्त वर्षं उभं, तितक्या भेगा खोल आणि फळ्या कमी. शिवाय निळं लाकूड पाणी पटकन शोषतं, कारण बुरशीने पेशींमधल्या वाटा मोकळ्या केलेल्या असतात. बाथरूमच्या दाराला म्हणूनच ते नको.

भोक कुठे आहे ते बघा

आता भोकांकडे येऊ. भोक दिसलं की माणूस धास्तावतो, पण एकाच मापाचं भोक एका जागी काहीच बिघडवत नाही आणि दुसऱ्या जागी फळीची वाट लावतं. 100 मिलिमीटर उंचीची एक तुळई घ्या. तिच्या बरोबर मधल्या उंचीवर, रुंदीच्या आरपार, 10 मिलिमीटर उंचीची पोकळी झाली तर तिचा ताठपणा हजारात एक भाग कमी होतो. मोजूनही कळणार नाही. तीच 10 मिलिमीटर जागा खालच्या कडेवरून खाल्ली गेली तर वाकण्यातली ताकद 19 टक्के आणि ताठपणा 27 टक्के जातो. कारण वाकणाऱ्या तुळईत सगळा ताण वरच्या आणि खालच्या कडांवर असतो, मधल्या पट्ट्यावर तो जवळजवळ शून्य. ताकद उंचीच्या वर्गाने आणि ताठपणा घनाने बदलतो, म्हणून कडेचा एक सेंटिमीटर इतका महाग पडतो. मधल्या पट्ट्यावर थर एकमेकांवर सरकायचा जोर मात्र सर्वांत जास्त असतो. त्यामुळे मधे रेषेच्या दिशेने लांब बोगदा झाला आणि तुळई आखूड, जाड आणि जास्त वजनाची असली, तर ती तिथे फाकू शकते. नेहमीच्या फळीला ही भीती कमी.

उधई नेमकी इथेच खोडी करते. ती जमिनीतून, भिंतीतून मातीच्या नळ्या बांधत येते आणि लाकडात शिरल्यावर पृष्ठभाग शाबूत ठेवते. पाइनच्या प्रत्येक वर्षाच्या वळ्यात एक मऊ, फिकट थर असतो आणि एक कडक, गडद थर. उधई मऊ थर खात रेषेच्या दिशेने पुढे जाते, कडक थर बऱ्याचदा मागे सोडते. वरून रंग, पॉलिश जागच्या जागी आणि आत नुसते पापुद्रे. अशा फळीची वाकण्यातली ताकद मोजायला प्रयोगशाळा लागत नाही, बोटाने दाबली तरी आत जाते. उधईने धरलेल्या फळीच्या दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका. ती काढा आणि आधी उधईची वाट बंद करा, नाहीतर नवीन फळीही वर्ष-दोन वर्षांत त्याच रांगेत जाईल.

एक गैरसमज इथेच दूर करतो. पाइनच्या पलंगाखाली पिठासारखा बारीक भुगा दिसला की पाइनला कीड लागली असं धरून चालतात. बांबूत आणि पांढऱ्या लाकडात पीठ पाडणारा लिक्टस जातीचा भुंगेरा पाइनला लागत नाही. त्याची मादी लाकडातल्या रुंद छिद्रांत अंडी घालते, आणि पाइनमध्ये तशी छिद्रंच नसतात, फक्त त्या अरुंद नळ्या असतात. भुगा पडतोय तर आधी पलंगाचा प्लायवुड बघा, शेजारचा बांबूचा शोपीस बघा. वाळलेल्या पाइनमध्ये लांब मिशांच्या भुंगेऱ्याची अळी लागू शकते, तेव्हा लंबगोल भोकं दिसतात आणि भुगा जाडसर असतो.

लांब मिशांच्या भुंगेऱ्याने किती नासधूस होऊ शकते हे आपल्या शेजारीच दिसलं आहे. मंडला आणि दिंडोरीच्या सालवनांत 1990 च्या दशकात साल-बोररची मोठी साथ आली होती. ती पाइनची नव्हे, सालवृक्षाची कीड. तिची अळी थेट गाभ्यात शिरते, आणि तिने पाडलेल्या बोगद्यांत अंगठा जाईल. ताज्या तोडलेल्या सालाच्या रसाच्या वासाने भुंगेरे गोळा होतात, म्हणून काही झाडं मुद्दाम पाडून, ठेचून ठेवायची आणि जमलेले भुंगेरे गावकऱ्यांकडून वेचून घ्यायचे असा उपाय वनखातं करतं. गाभाच गेला की सालाच्या तुळईला किंमत उरत नाही. पाइनच्या सालीखालचे भुंगेरे इतके खोल जात नाहीत. चिराई करताना त्यांचे बोगदे सालीबरोबरच निघून जातात आणि मागे उरतो फक्त निळा रंग.

तपकिरी कूज: वजन तेवढंच, ताकद अर्धी

सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवं ते इथे. पाइनसारख्या सूचिपर्णी लाकडात प्रामुख्याने तपकिरी कुजीची बुरशी वाढते. किड्यांनी आणि भेगांनी पाण्याला वाट करून दिली की ती मागोमाग येते. भोकापेक्षा हीच जास्त घातक.

घातक का, ते भिंतीच्या आत पाहिल्याशिवाय कळत नाही. सेल्युलोज तोडणारी विकरं (एन्झाइम) आकाराने मोठी असतात, शाबूत भिंतीच्या बारीक रंध्रांत ती मावत नाहीत. बुरशीने यावर जो मार्ग काढला आहे तो खरोखर थक्क करणारा आहे. ती ऑक्झॅलिक आम्ल सोडते, लाकडात आणि आसपास असलेलं लोह विरघळवून घेते आणि हायड्रोजन पेरॉक्साइडशी त्याची गाठ घालते. त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात. हे कण अगदी लहान आणि अतिशय आक्रमक. ते भिंतीत कुठेही शिरतात आणि समोर येईल ते तोडतात. आधी हेमिसेल्युलोज जातं आणि धाग्यांची आपसातली पकड सुटते. त्याच्या मागोमाग सेल्युलोजच्या हजारो कणांच्या साखळ्या तुटून काही शेकड्यांवर येतात.

तुटलेले तुकडे मात्र अजून लाकडातच असतात. बुरशीने ते खाल्लेले नसतात, फक्त कापून ठेवलेले असतात. म्हणून वजन कमी होत नाही, रंग फारसा बदलत नाही, खिळा नेहमीप्रमाणे बसतो. पण ताण सोसायचा तो लांब साखळ्यांनी, आणि त्याच राहिलेल्या नसतात. लाकडाचं वजन 5 ते 10 टक्के घटेपर्यंत त्याचे यांत्रिक गुण 20 ते 80 टक्क्यांनी घटलेले असतात. सगळ्यात मोठा फटका चिवटपणाला, धक्का सोसण्याला. कठीणपणाला सगळ्यात कमी. म्हणजे नख लावून, ठोकून 'कडक आहे' असं ठरवणारा माणूस नेमका तोच गुण तपासत असतो जो शेवटी जातो.

पुढे पुढे लिग्निन तेवढं उरतं. मग लाकूड गडद तपकिरी होतं, आकसतं, त्याला उभ्या-आडव्या भेगा पडून चौकोनी तुकडे सुटायला लागतात आणि चिमटीत घेतलं तर भुगा होतो. इथवर आलेलं लाकूड कोणीच विकत घेत नाही. धोका त्याच्या आधीच्या अवस्थेत असतो, जेव्हा एका टोकाला फक्त फिका तपकिरी पट्टा दिसतो. पाइनच्या गाभ्याचाही रंग किंचित तांबूस असतो हे खरं, पण तो वळ्यांच्या मधोमध आणि रेषेला धरून, सारखा असतो. कुजीचा तपकिरी रंग वळ्या ओलांडून, टोकांकडून, खिळ्यांच्या आणि भेगांच्या भोवती पसरतो. चिरलेल्या टोकाकडे बघितलं की हा फरक कळतो. म्हणून फळी घेताना तोंडाकडून बघा, पाठीकडून नुसती नको.

नागपूरच्या हवेत

बुरशीला चार गोष्टी लागतात: लाकूड, हवा, बेताचं तापमान आणि पाणी. पहिल्या तीन आपण थांबवू शकत नाही. चौथी थांबवता येते. पाइनच्या पेशींच्या भिंती पाण्याने तुडुंब भरायला लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण 28 ते 30 टक्के पाणी लागतं. कूज सुरू व्हायला जवळपास तेवढाच ओलावा हवा. 20 टक्क्यांच्या खाली ठेवलं तर कूज लागत नाही, हा जगभर पाळला जाणारा नेम आहे.

मे महिन्यात पारा 45 च्या वर आणि हवा कोरडी ठक्क असते तेव्हा आपल्या घरातलं पाइन 4-5 टक्क्यांपर्यंत वाळतं. ऑगस्टमध्ये ते 16 ते 18 टक्क्यांवर येतं. दोन्ही आकडे 20 च्या खालीच आहेत. म्हणजे पावसाच्या दमट हवेने नागपुरात घरातलं पाइन कुजत नाही. वर्षभरातल्या या चढउताराने ते फुगतं, आकसतं, भेगाळतं, सांध्यातले खिळे सैल होतात, पण कुजत नाही. कुजतं ते जिथे थेट पाणी लागतं तिथे. आणि आपल्याकडे भर उन्हाळ्यात ती जागा असते कूलरची खिडकी. कूलरच्या जाळीतून उडणारे तुषार, टाकी भरताना सांडलेलं पाणी आणि खाली झिरपणारा थेंब, हे सगळं चौकटीच्या खालच्या पट्टीत मुरतं, तीन-चार महिने रोज. खिडकीच्या इतर तीन बाजू खडखडीत वाळलेल्या आणि चौथी ओली. शिवाय तिथली हवाही थंड, बुरशीला मानवणारी. पाइनची चौकट असेल तर कूलर खिडकीला टेकवू नका, लोखंडी स्टँडवर चार बोटं दूर ठेवा. स्वयंपाकघरातल्या सिंकखालचं कपाट, स्लॅब गळतो तिथलं पीओपीमागचं पाइनचं फ्रेमिंग, बाल्कनीतली बैठक या बाकीच्या जागा.

ओलावा दुसऱ्या बाजूनेही मारतो. कूज अजिबात नसली तरी ओलं पाइन वाळलेल्यापेक्षा बरंच कमकुवत असतं, वाकण्यातली ताकद कोरड्याच्या निम्म्याहून थोडीच जास्त. वाळलं की ही ताकद परत येते. कुजीत गेलेली येत नाही.

शिक्क्याचा अर्थ

खोक्याच्या, पॅलेटच्या लाकडावर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह, देशाची दोन अक्षरं आणि 'एचटी' (म्हणजे उष्णता देऊन घेतलेलं) असा शिक्का असतो. तो एका जंताच्या धसक्याने आलेला आहे. पाइनचा सूत्रकृमी जेमतेम एक मिलिमीटर लांब. मूळचा उत्तर अमेरिकेतला, तिथल्या पाइनला तो फारसा त्रास देत नाही. जपानमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाइनची झाडं वाळायला लागली, आणि त्याचं कारण हा जंत आहे हे 1971 मध्ये सिद्ध झालं. चीनमध्ये तो 1982 ला, पोर्तुगालमध्ये 1999 ला सापडला. लांब मिशांचा भुंगेरा त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो आणि झाड काही महिन्यांत उभ्या उभ्या वाळतं. जंत स्वतः लाकडाच्या भिंती खात नाही. झाड मेल्यावर निळी बुरशी, भुंगेरे आणि मग कूज यांची रांग लागते, आणि ताकद त्या रांगेत जाते. म्हणून अशा झाडाचं लाकूड किती चांगलं हे झाड किती लवकर तोडलं आणि वाळवलं यावर ठरतं.

हे जीव खोक्यांबरोबर जगभर फिरू नयेत म्हणून 2002 मध्ये आंतरराष्ट्रीय नियम आला. लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस तापमान सलग 30 मिनिटं राहिलंच पाहिजे. एवढ्या उष्णतेने जंत, अळ्या, अंडी मरतात आणि लाकडाच्या ताकदीला धक्का लागत नाही. पण शिक्क्याचा अर्थ तेवढाच. त्या दिवशी आत जिवंत काही नव्हतं. लाकडात कुठलंही औषध उरलेलं नसतं. लकडगंजच्या गोदामात तेच पॅलेट जमिनीला टेकून एक पावसाळा राहिलं तर त्याला उधई आणि कूज दोन्ही लागू शकतात. आणि आधी आत जी कूज झालेली होती तीही शिक्क्याने भरून निघत नाही. कायमचं रक्षण हवं असेल तर दाबाखाली भरलेलं औषध लागतं, घरात वापरायला बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं. पाइनची एक मोठी जमेची बाजू इथे आहे: कच्च्या लाकडाचं असल्यामुळे ते औषध खोलवर पितं, सागाचा गाभा पीत नाही. बोरॉन पाण्यात विरघळतं, म्हणून सतत भिजणाऱ्या जागी ते टिकत नाही.

घरी तपासायचं तर एक टोच्या पुरे. तो फळीत रेषेला समांतर दोन-तीन मिलिमीटर खुपसा आणि वर उचका. चांगल्या लाकडाची लांब ढलपी निघते, एक टोक लाकडाला धरूनच राहतं. कुजीची सुरुवात झालेली असेल तर टोच्याच्या बरोबर वर आखूड तुकडा पटकन तुटतो, दोन्ही बाजूंना सारखा. टोकं, खिळ्यांच्या जागा, जमिनीला आणि भिंतीला टेकणारे भाग, हे आधी तपासा. जाड तुळईला एका टोकावर ठोकून दुसऱ्या टोकाला कान लावा. चांगल्या पाइनमध्ये रेषेच्या दिशेने आवाज सेकंदाला सुमारे 5000 मीटर वेगाने जातो आणि खणखणीत ऐकू येतो. आत पोकळी किंवा कूज असेल तर वेग घटतो, आवाज बद्द येतो. पुलांच्या, जुन्या छतांच्या तपासणीत अभियंते हाच वेग यंत्राने मोजतात.

कुजलेला भाग कापून नवा तुकडा जोडायचा असेल तर तपकिरी रंग जिथे संपतो तिथे करवत लावू नका. साखळ्या तुटायला लागलेला भाग डोळ्यांना अजून पांढराच दिसतो आणि रेषेच्या दिशेने पुढे गेलेला असतो. रंगाच्या पुढे दीड-दोन फूट कापा, कापलेल्या तोंडावर परत टोच्या लावून बघा, आणि जोड देण्याआधी पाणी कुठून येत होतं ते शोधून बंद करा.